‘बरो आसंय’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही

आप्पा गावकर देवाला गाऱ्हाणं घालत होते आणि माझी वहिनी देवळाच्या खांबाला टेकून उभी होती. माझा भाऊ जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. जत्रेआधीचं गावाचं गाऱ्हाणं. आमच्याकडे रीत अशी, की मानकरी पुढे उभा राहून देवापुढे सगळ्या गावाचं सांगणं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, ‘होय म्हाराजा’. पाऊसपाणी झालं, मासळी झाली, पोराबाळांची दुखणी झाली. मग आप्पांनी आमच्या घरचा नारळ हातात घेतला.

“हे बा म्हाराजा, ह्या घरातलो कर्तो झिल गेलो. घरात इलेल्या बायलमाणसाच्या हातसून जा काय चुकला-माकला आसात, त्याचो दोष गावार येव दी नको रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

सगळे म्हणाले. शेजारी म्हणाले, बोटीवरचे म्हणाले, दादाच्या तिरडीला खांदा दिलेले चौघे म्हणाले. मीही म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला. मग आप्पांनी आमचा नारळ बाकीच्या नारळांत न ठेवता वेगळा, पायरीखाली ठेवला. चपला काढतात तिथे.

वहिनीने मान वर केली नाही. फक्त एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मी सवयीने म्हणाले, तोंडातून निघून गेलं, असं पुढे वर्षभर मी स्वतःला सांगत होते. साफ खोटं. मला तेव्हा ते पटलेलं होतं.

नवऱ्याचं घर सोडून मी दादाकडे राहायला आले त्याला आता दहा वर्षं होतील. आईबाप आधीच गेलेले. दादा आप्पांच्या बोटीवर होता. पर्यटकांना घेऊन समुद्रात जायचं, डॉल्फिन दाखवायचे, सुखरूप आणून सोडायचं. मी आप्पांच्याच रिसॉर्टमध्ये बांगडे तळायची आणि सोलकढी करायची. बोट आप्पांची, आमचं घर आहे ती जागा आप्पांची, देवळातला पहिला मानही त्यांचाच. पर्यटकांसमोर आप्पा आम्हाला ‘आमची माणसं’ म्हणायचे. पर्यटकांना ते गोड वाटायचं. आम्हाला त्याचा खरा अर्थ ठाऊक होता.

दादाचं बिनसायला लागलं ते नेमकं कधी, हे मला सांगता येत नाही. लोक विचारतात, कधीपासून? मला तारीख ठाऊक असती तर मी त्याच दिवशी काहीतरी केलं नसतं? इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस, तो दोर बांधायला विसरू लागला. बांगड्याचं तिखलं त्याचा जीव की प्राण, तेही ताटात तसंच राहायला लागलं. उजाडायच्या आधी जाग यायची, मग झोप नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदाच म्हणाला, “अंगात वाळू भरलीहा गो. हात उचलणा नाय.” मी म्हटलं, थकलास असशील. त्यानंतर मी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

“बरो आसंय.”

एका सकाळी जेटीवर आप्पांनी त्याला बोटीतून उतरवलं. बोटीत वीसेक पर्यटक बसलेले. आप्पा मोठ्यांदा म्हणाले, “ह्येका उतरवा रे. येडो झालोहा. पावण्यांका बुडवात.” पर्यटक हसले. दादाने अंगातलं जाकीट काढलं, नीट घडी करून फळीवर ठेवलं आणि चालू लागला. मी डोक्यावर नारळाचं पोतं घेऊन तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. मला दुपारच्या जेवणाची तयारी करायची होती, त्यांच्याच स्वयंपाकघरात.

वहिनी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी नाही, तीच. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हणून चिठ्ठी लिहून दिली. ही बातमी घरी पोचायच्या आधी आप्पांना पोचली. आप्पा दारात आले. म्हणाले, “येड्यांच्या डॉक्टराकडे कित्याक? आपलो देव मेलो काय? कौल लावया.”

कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न मानकरी विचारतो. आप्पांनी विचारलं, “ह्येका भायरची बाधा आसा काय म्हाराजा? आसात तर उजवो दी.” उजवी पाकळी पडली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. बाधा म्हणजे कुणीतरी बाहेरचं. बाहेरचं आहे म्हणजे काढता येईल. दादा तिथेच, माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. गाव त्याच्याविषयी देवाला विचारत होतं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. हे मला त्या दिवशी दिसलं नाही.

कोंबडा दिला, नारळ दिला. आप्पा म्हणाले, दोन डगरींवर पाय नको, देवाचं करता तर गोळ्या बंद करा. वहिनी नको म्हणाली. मी तिला गप्प केलं. “आमच्या देवाचा तुका काय कळताला? तू बांद्याची.” गोळ्यांची पट्टी मी फडताळात कोकमसोलांच्या बरणीमागे लपवली. दोन दिवसांनी दादाने मला विचारलं, “गोळ्यो खंय गो?” मी म्हटलं, “आता त्यो कित्याक? देवान कौल दिल्यान मा.” तो म्हणाला, बरा. आणि परत भिंतीकडे वळला. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी माझा हात तिथे अडतो.

मग तो एकदम शांत झाला. दोन महिन्यांनी. दाढी केली. अंगण झाडलं. हाताने विणलेलं जाळं शेजारच्यांना देऊन आला, म्हणाला, माझ्याकडे नुसतं पडून आहे. रात्री पोटभर जेवला. मी वहिनीला म्हटलं, बघ, देवाने ऐकलं. दुसऱ्या सकाळी तो नव्हता.

कसा गेला, ते मी सांगणार नाही. पहिला प्रश्न हाच विचारणारी माणसं मी खूप बघितली. त्यांचे डोळे मी ओळखते.

त्यानंतर आमच्या घरात फक्त संशय राहायला होता. गावाचा संशय वहिनीवर. पोलीस आले, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, घरात वाद होता का? कागदावर लिहिलं, ‘घरगुती कारणावरून’. खाली माझी सही घेतली. मी वाचून सही केली. बाहेर बायका कुजबुजत होत्या. बांद्याची ती, गोव्याच्या वाऱ्याची, फोनवर कोणाशी बोलते कोण जाणे. मी त्यांना गप्प केलं नाही, उलट कान देऊन ऐकलं. एक दिवस वहिनी विहिरीवर गेली असताना मी तिचा फोन उघडून बघितला. तिची पेटी उचकली. तिच्या भावाचे फोन, मोसंबी रंगाच्या दोन साड्या, दादाचा एक शर्ट. दुसरं काही नाही. मी मान वळवली तर ती दारात उभी. कळशी कमरेवर. ती सरळ चुलीपाशी गेली आणि पाणी ओतू लागली.

माझा संशय आप्पांवरही होता. जेटीवरचं ते हसणं मला विसरता येत नव्हतं. दादाच्या मित्रांवर होता. देवावर होता. कुणीतरी एक माणूस सापडावा, त्याच्या अंगावर हे सगळं टाकून मोकळं व्हावं, असं मला रात्रंदिवस वाटे. सगळ्यात सोपी वहिनी होती. ती परक्या घरची, तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून गाऱ्हाण्यात मी ‘होय म्हाराजा’ म्हणाले.

पुढच्या काही महिन्यांत वहिनी बोलायची कमी झाली. गावात कुणाच्या घरी तिला बोलावणं नाही, तिची सावली नको म्हणून विहिरीवर बायका थांबून राहत. ती सगळ्यांच्या आधी उठून पाणी आणून ठेवी. काय झालं विचारलं तर म्हणे, “बरी आसंय.” मला ते बरं वाटायचं. गप्प बसते, कटकट नाही.

मग अबोलीचं झालं. लग्न होऊन येताना वहिनीने बांद्याहून अबोलीची रोपं आणली होती. पाच कुंड्या. दादा तिला हसायचा, हुंड्यात फुलं घेवन इली म्हणून. त्या कुंड्यांना दुसऱ्याने पाणी घातलेलंही तिला खपत नसे. श्रावणातल्या एका दुपारी मी कामावरून आले तर मागील दारी पाच गोल डाग होते. ओलसर. कुंड्या नव्हत्या.

“अबोली खंय?”

“दिलंय. शेजारी. माझ्याच्यान व्हणा नाय आता.” आणि तिने केस विंचरले होते. चेहरा शांत होता.

दादाचं जाळं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

मी तिच्याजवळ बसले. ती आडाळ्यावर नारळ खोवत होती. मला भीती वाटत होती. आपण विचारलं आणि नसलेलं तिच्या मनात घातलं तर? मीच कारण झाले तर? आणि खरं म्हणजे तिने होय म्हटलं तर काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. पण न विचारण्याचा परिणाम मी बघितला होता. मी आडाळा बाजूला सरकवला.

“वैनी, तुझ्या मनात जीव देवचा येता काय?”

ती हातातल्या करवंटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “येता.” आणि थोड्या वेळाने, “रोज येता.” आणि मग ती रडली. दादाच्या सुतकातही रडली नव्हती तशी. मध्येच म्हणाली, “तू इचारलंस. माका वाटला, कोणाक कळाचाच नाय.”

त्या रात्री मी तिच्या अंथरुणाजवळ अंथरूण घातलं. तिच्या भावाला फोन केला, तिच्यासमोर. तो पहाटेच येऊन पोचला आणि सकाळच्या एसटीने आम्ही तिघंही जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो.

मनाची डॉक्टर तरुण बाई होती. माझा तिच्यावरही संशय. हिला काय पडलंय आमचं? उद्या बदली होऊन जाईल. तिने वहिनीला तोच प्रश्न विचारला, मी विचारला होता तोच. ताप आहे का विचारावं तसा विचारला. लाज नाही, भीती नाही. वहिनी बाहेर बसल्यावर मी आत थांबले आणि विचारलं, विचारल्याने मनात येत नाही ना? ती म्हणाली, “नाही. विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते. मनात असतं ते आधीपासूनच असतं.”

मग मी तिला गोळ्यांचं सांगितलं. सोलांच्या बरणीचं. दादा गेल्यावर पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तिने लगेच ‘तुमचा दोष नाही’ म्हटलं असतं तर मी उठून आले असते. इतक्या चटकन देऊन टाकलेली क्षमा मला नको होती. ती म्हणाली, “गोळ्या चालू असत्या तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. बंद करायला नको होत्या, हे खरं. पण आत्महत्येला एकच कारण नसतं. अपमान असतो, काम सुटणं असतं, एकटेपण असतं. तुमच्या भावाला आजार होता. डिप्रेशन. त्या आजारात माणसाला वाटतं की हे कधी संपणार नाही आणि आपण सगळ्यांना ओझं आहोत. ते आजार बोलत असतो. हा आजार झालेला प्रत्येक जण जीव देत नाही. उपचाराने खूप जण बरे होतात. पण कुणीतरी वेळेवर ओळखावं लागतं.”

मी विचारलं, शेवटच्या दिवशी तो शांत का होता? ती म्हणाली, कधी कधी मनात ठरलं की माणूस शांत दिसतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला.

परत येताना मी एसटीच्या खिडकीशी बसून हिशेब मांडत होते. मी वर्षभर संशय घेतला. फोनवर घेतला, पेटीवर घेतला, साड्यांच्या रंगावर घेतला. ज्या एका गोष्टीवर घ्यायचा होता ती रोज माझ्या कानावर पडत होती. बरो आसंय. त्या दोन शब्दांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

वहिनीच्या गोळ्या सुरू झाल्या. पट्टी फडताळात नाही, देवाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. आठ दिवसांत काही झालं नाही. पंधरा दिवसांतही नाही. ती म्हणायची, नुसती झोप येते. मी डॉक्टरवर दात खायची. पण डॉक्टरने सांगितलेलं होतं, वेळ लागेल, मध्येच सोडू नका. दोन महिन्यांनी एका सकाळी ती शेजारी गेली आणि एक कुंडी परत मागून आणली. एकच. बाकीच्या चार त्यांच्याकडेच आहेत.

पुन्हा जत्रा आली. आप्पा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, “तुझ्या वैनीक घेवन गाराण्याक ये. येड्यांच्या इस्पितळात जातास म्हणे. देवासमोर दोष मानून घेवा, मगे सगळा सुटात.” जाताना कढईकडे बघत म्हणाले, “कामाक माणसा खूप गावतत माका.”

मी वहिनीला विचारलं, यायचंय का? ती म्हणाली, येते. मागच्या वेळी खांबाला टेकून उभी होते, या वेळी टेकणार नाही.

देऊळ भरलेलं होतं. पाऊसपाणी झालं, मासळी झाली. आप्पांनी आमचा नारळ उचलला. शब्द तेच, फक्त जास्त मोठ्या आवाजात. “ह्या बायलमाणसाच्या हातसून जा काय चुकला, ता ती तुझ्या पायार मानून घेता रे म्हाराजा.”

सगळ्यांनी श्वास घेतला आणि मी त्यांच्या आधी बोलले.

“नाय म्हाराजा.”

गाऱ्हाण्यात ‘नाय’ मी जन्मात ऐकलेलं नाही. त्या देवळात कुणीच ऐकलेलं नसावं. ढोलवाल्याचा हात तसाच वर राहिला. आप्पा वळले. “बायलमाणसान मधी बोलाचा नाय.”

“आप्पानू, माझ्या भावाक आजार होतो. त्येच्यो गोळ्यो तुमी बंद करूक सांगलात आणि मी बंद केलंय. जेटीर तुमी त्येका येडो म्हटलात आणि मी ऐकान घेतलंय. वैनीन त्येका दवाखान्यात नेल्यान. सगळ्या गावात तिनाच एकटीन नेल्यान. दोष सांगाचो आसात तर ह्यो सांगा देवाक. आणि मगे सगळ्यांनी म्हणा, होय म्हाराजा.”

कुणी म्हणालं नाही. कुणी माझ्या बाजूने उभंही राहिलं नाही. मला तशी आशाही नव्हती. मी पुढे गेले, आप्पांच्या हातातून आमचा नारळ घेतला आणि आम्ही दोघी देवळाबाहेर पडलो. नारळ घरी फोडला. वहिनीने तो खोवला आणि आम्ही त्याची सोलकढी केली. दुसऱ्या दिवशी रिसॉर्टमधून निरोप आला, येऊ नको.

आता मी मालवणच्या बाजारात एका खानावळीत काम करते. जाताना-येताना एसटीत, मासे घेताना, मी माणसांची तोंडं बघते. कुणी जेवायचं सोडलं, कुणी आपली आवडती वस्तू देऊन टाकली, कुणी खूप दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी शांत झालं, की मी जवळ जाते आणि विचारते. साध्या शब्दांत, आडवळण न घेता. काही जण चिडतात. काही बायका मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत. तिघींनी होय म्हटलं. त्यांच्यासोबत मी जिल्ह्याला जाऊन आले.

मुंबईहून आप्पांचा मुलगा परत आलाय. नोकरी गेली म्हणतात. महिनाभर खोलीतून बाहेर नाही. परवा कळलं, त्याने आपली मोटरसायकल मित्राला देऊन टाकली. आप्पांनी कौल लावला. उजवी पाकळी पडली म्हणे.

माझ्या मनात आलं, पडू दे. हे मी लपवणार नाही. दिवसभर हेच घोळत होतं. आप्पांच्या घरात मागच्या दाराने जायची आम्हाला सवय, पुढच्या ओटीवर आम्ही कधी पाय ठेवलेला नाही.

मी उद्या सकाळी पुढच्या दाराने जाणार आहे. आप्पा हाकलतील. हाकललं तर परवा जाईन. त्या मुलाच्या समोर बसेन आणि त्याला विचारेन, त्याच्या बापासमोर, जसं वहिनीला विचारलं तसं. तो म्हणेल, बरो आसंय.

मी उठणार नाही.